गाव मायनस गेले

परभणी लोकसभा मतदारसंघात मतदान झाले २६ एप्रिल २०२४ रोजी आणि मतमोजणी ४ जूनला. मधले ३९ दिवस यंत्रे पहाऱ्यात कुलूपबंद होती. पण जिंतूर, बोरी, चारठाणा, येलदरी या पट्ट्यात निकाल रोज लागत होता. चहाच्या टपरीवर, आडतीवर, लग्नाच्या मांडवात गावागावांची बेरीज मांडली जात होती: अमुक गाव प्लस, तमुक तांडा मायनस, शहरातला अमका मोहल्ला एकगठ्ठा. या हिशेबात उमेदवाराचे नाव ओघाने यायचे, मुख्य आकडे गावांचे आणि जातींचे असायचे. दिल्लीत कोणाचे सरकार येणार हा प्रश्न मतपत्रिकेवर होता. मांडवातल्या चर्चेत मात्र प्रश्न दुसराच होता, आपल्यातले कोण कोणाकडून गेले.

राष्ट्रीय निवडणुकीच्या वादळी निकालावर नागरिक कसे वागतात, याचा विचार बहुधा नेत्यांची भाषा, समाजमाध्यमे आणि जातीय अस्मिता या तीन अंगांनी होतो. ही तिन्ही कारणे खरी आहेत. चौथ्या कारणाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ते म्हणजे मोजणीचे माप. मत गुप्त असते, पण मोजणी मतदान केंद्रनिहाय होते आणि तो आकडा जाहीर होतो. जिथे एक केंद्र म्हणजे एक तांडा, एक वाडी किंवा एकाच समाजाची गल्ली असते, तिथे केंद्राचा आकडा हा त्या समाजाचे उघडे मतच ठरतो. निकालानंतरची कटुता शेजाऱ्यावर जाऊन आदळते, त्यात या मापाचा वाटा मोठा आहे.

या मतदारसंघात परभणी जिल्ह्यातील जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी, तसेच जालना जिल्ह्यातील परतूर आणि घनसावंगी अशी सहा विधानसभा क्षेत्रे येतात. २०२४ मध्ये शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाचे संजय जाधव यांना ६,०१,३४३ मते मिळाली आणि महायुतीच्या वतीने लढलेले राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांना ४,६७,२८२. फरक १,३४,०६१ मतांचा. वंचित बहुजन आघाडीकडून उभे असलेले, हवामानाच्या अंदाजांमुळे शेतकऱ्यांत घरोघरी माहीत असलेले सेलू तालुक्यातील पंजाबराव डख यांनी सुमारे ९६ हजार मते घेतली. लाखाच्या वरच्या मताधिक्याने जिंकलेल्या उमेदवारालाही झालेल्या मतदानापैकी निम्मी मते नव्हती.

हा मतदारसंघ १९९१ पासून, १९९८ चा अपवाद सोडला तर, शिवसेनेच्या उमेदवाराला निवडून देत आला आहे. ‘खान की बाण’ ही घोषणा इथल्या अनेक प्रचारांत घुमली. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिले, आणि २०२४ मध्ये परभणीच्या यंत्रावर बाण नव्हताच. होती जाधवांची मशाल आणि जानकरांची शिट्टी. ज्या वस्त्यांना समोर ठेवून ती जुनी घोषणा दिली जायची, त्याच वस्त्यांकडे या वेळी मशालीचे हक्काचे मतदार म्हणून पाहिले गेले. पक्षांच्या पातळीवर इतकी मोठी उलथापालथ दोन वर्षांत झाली. मतदारांच्या अंगावरचे शिक्के मात्र पुसले गेले नाहीत. उलट नवे पडले.

नवे शिक्के आरक्षणाच्या प्रश्नाने पाडले. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन मराठवाड्याच्या गावागावांत पोचले. कुणबी नोंदींच्या आधारे मराठ्यांना ओबीसी प्रमाणपत्रे देण्याच्या मागणीवर ओबीसी समाजांत धास्ती निर्माण झाली. महादेव जानकर हे धनगर समाजातून पुढे आलेले आणि ओबीसी राजकारण करणारे नेते, मूळचे सातारा जिल्ह्यातले. साहजिकच परभणीची लढत पक्षांची कमी आणि मराठा विरुद्ध ओबीसी अशी जास्त वाचली गेली. याच्या जोडीला भाजपची ‘चारशे पार’ची घोषणा आली आणि त्यातून संविधान बदलाची भीती दलित वस्त्यांत पसरली. कापसाचा आणि सोयाबीनचा पडलेला भाव हा तर सगळ्याच वस्त्यांचा सामाईक राग होता. पण तो जातीच्या हिशेबात बसत नव्हता, म्हणून चर्चेत मागे राहिला. ही या निवडणुकीतली सर्वांत खेदाची बाब म्हणावी लागेल.

४ जूनच्या निकालाने देशात एक विचित्र स्थिती आली. भाजप ३०३ वरून २४० वर आला, राष्ट्रीय लोकशाही आघाडीने २९३ जागांसह सत्ता राखली, आणि २३४ जागा मिळवलेल्या इंडिया आघाडीने विजयाच्या थाटात पेढे वाटले. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगलीची एक अपक्षाला गेली. मराठवाड्यात आठपैकी सात महाविकास आघाडीने घेतल्या, महायुतीकडे फक्त छत्रपती संभाजीनगर राहिले. म्हणजे जिंतूरमधल्या मशालीच्या मतदाराने गावात गुलाल उधळला आणि दिल्लीत तो हरला. शिट्टीच्या मतदाराचे याच्या बरोबर उलट झाले. कागदावर पाहता अशा दुहेरी निकालाने मने शांत व्हायला हवीत, कारण प्रत्येकाच्या पदरी थोडे काहीतरी पडलेले असते. तसे झाले नाही. दिल्लीतला विजय गावातल्या पराभवाची भरपाई करत नाही, कारण माणूस राहतो गावात.

पराभव मान्य करण्याच्या तयारीला लोकशाहीच्या अभ्यासकांनी ‘पराभूतांची संमती’ असे नाव दिले आहे. ख्रिस्तोफर अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की निवडणूक टिकते ती जिंकणाऱ्यांच्या आनंदावर नव्हे, तर हरणाऱ्यांनी निकाल मान्य करण्यावर. अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेच्या इमारतीवर आणि ब्राझीलमध्ये ८ जानेवारी २०२३ रोजी सत्ताकेंद्रांवर जमाव चालून गेला, तेव्हा ही संमती तुटली होती. केनियात २००७ च्या अखेरीस झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर शेजारी शेजाऱ्यावर उठला आणि हजाराहून अधिक माणसे मेली. भारतात राष्ट्रीय पातळीवर ही संमती सहसा तुटलेली नाही. १९७७ मध्ये आणीबाणी लादणाऱ्या पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात हरल्या आणि त्यांनी राजीनामा दिला. देशाच्या पातळीवर इतकी पक्की असलेली संमती गावाच्या पातळीवर मात्र कच्ची आहे, आणि तिथे ती मोडली तर दखल घेणारे कोणी नसते.

जिंतूर विधानसभा क्षेत्रात, म्हणजे जिंतूर आणि सेलू या दोन तालुक्यांत, विभागणी किती बारीक आहे हे आकड्यांतून दिसते. २०१९ मध्ये भाजपच्या मेघना बोर्डीकर यांनी राष्ट्रवादीचे विजय भांबळे यांना ३,७१७ मतांनी हरवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच दोघांत पुन्हा लढत झाली आणि फरक ४,५१६ मतांचा राहिला. वंचितचे सुरेश नागरे यांनी ५६ हजारांवर मते घेतली होती. पावणेतीन लाखांवर मतदान आणि निवाडा साडेचार हजारांवर. इतक्या कमी फरकात प्रत्येक गाव स्वतःला निर्णायक समजू शकते, आणि प्रत्येक गावाला पराभवाचा दोषी ठरवताही येते. ‘तुमच्या गावाने लीड दिली असती तर’ हे वाक्य लाखभराच्या फरकात पोकळ ठरते. साडेचार हजारांत ते टोचते.

आणि हे उमेदवार तरी कोण? भांबळे २०१४ च्या लोकसभेत संजय जाधव यांच्याविरुद्ध लढले आणि सव्वा लाखाहून अधिक मतांनी हरले होते. दहा वर्षांनी ते दोघे एकाच आघाडीत होते. पुढे २०२५ मध्ये भांबळे अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत, म्हणजे सत्तेतल्या युतीत गेले. २०१९ मध्ये जाधवांविरुद्ध लढलेले राजेश विटेकर २०२४ मध्ये पाथरीतून आमदार झाले, तेही अजित पवारांच्या पक्षाकडून. राजकारणात असे होतच असते आणि त्यात बेकायदा काही नाही. पण कार्यकर्त्याने ज्याच्यासाठी भावकीशी वैर घेतले तो नेता समोरच्या मंडपात जाऊन बसतो. भावकीतले वैर मात्र जिथल्या तिथे राहते.

जून २०२४ नंतर मराठवाड्यात या वैराची रूपे दिसली. सर्वांत साधे रूप मिरवणुकीचे: डीजे नेमका हरलेल्यांच्या गल्लीत थांबवायचा, गुलाल नेमका त्यांच्या दारात उधळायचा. दुसरे व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसचे. नाव न घेता टोमणा मारायचा आणि ज्याला लागायचा त्याला बरोबर लागेल याची खात्री बाळगायची. तिसरे रूप गंभीर होते. बीडमध्ये पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या आणि त्यानंतर बीड-लातूर भागात त्यांच्या काही तरुण समर्थकांनी आत्महत्या केल्या. पंकजा मुंडे यांनी त्या घरी जाऊन, कोणीही असे पाऊल उचलू नये, अशी हात जोडून विनवणी केली. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यात एका समाजाच्या दुकानांतून दुसऱ्याने खरेदी करायची नाही, अशा बहिष्काराच्या बैठकांचे आणि चित्रफितींचे प्रकार घडले आणि पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये झाला खरा, पण तो मुख्यतः जातपंचायतींचा जाच डोळ्यापुढे ठेवून केलेला आहे. जातीने जातीवर, मतांच्या रागातून टाकलेल्या बहिष्काराची कल्पना त्या वेळी फारशी कोणी केली नसावी.

नोव्हेंबरमध्ये चित्र पालटले. २३ नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालात भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. महाविकास आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून पन्नाशीही गाठू शकले नाहीत. सहा महिन्यांत इतका फेर कसा पडला? कोणी लाडकी बहीण योजनेच्या दीड हजार रुपयांकडे बोट दाखवले, कोणी धार्मिक घोषणांकडे, कोणी ओबीसी मतांच्या एकजुटीकडे. पण हरलेल्या बाजूच्या पुष्कळ मतदारांनी बोट दाखवले यंत्राकडे. पुण्यात ज्येष्ठ समाजवादी नेते बाबा आढाव यांनी नव्वदी ओलांडलेल्या वयात फुलेवाड्यात आत्मक्लेश उपोषण केले. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबर रोजी गावात मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलिसांचा मोठा बंदोबस्त आला आणि मतदान होऊ शकले नाही. गुन्हेही नोंदवले गेले. विशेष म्हणजे तालुक्यात गावाच्या पसंतीचे उत्तम जानकर जिंकले होते. गावाची तक्रार फक्त आपल्या आकड्याबद्दल होती. तिथे भाजपचे राम सातपुते यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते दाखवली होती, आणि हे आमचे मत नाही, असे गावकरी म्हणत होते.

जूनचा राग शेजाऱ्यावर आणि डिसेंबरचा यंत्रावर. वरवर या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण मूळ एकच आहे. दोन्ही वेळी लोक देशाचा किंवा राज्याचा निकाल वाचत नव्हते, आपल्या केंद्राचा आकडा वाचत होते. आकडा पटला तर तो शेजाऱ्याविरुद्धचा पुरावा झाला. पटला नाही तर तोच यंत्राविरुद्धचा पुरावा झाला. जिंकलेल्या गावाने आपल्या आकड्यावर शंका घेतल्याचे उदाहरण मात्र शोधूनही सापडणार नाही.

हा आकडा गावात पोचतो कसा? मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष ‘नमुना १७ सी’ भरतो. त्यात त्या केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब असतो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. मतमोजणी विधानसभा क्षेत्रनिहाय होते. एका दालनात साधारण चौदा टेबले असतात, प्रत्येक फेरीत चौदा केंद्रांची कंट्रोल युनिट एकदम टेबलांवर येतात. निकालाचे बटण दाबले की त्या केंद्रावर कोणाला किती मते पडली ते दिसते. जाळीपलीकडे बसलेले मतमोजणी प्रतिनिधी कागदावर आकडे उतरवून घेतात आणि दालनाबाहेर निरोप जाण्यास वेळ लागत नाही. पुढे ‘नमुना २०’ मध्ये हे सगळे केंद्रनिहाय आकडे अधिकृतपणे प्रसिद्ध होतात. एका केंद्रावर साधारण हजारभर मतदार. त्यात मतदानाला गेलेले सात-आठशे. जिंतूरच्या डोंगराळ भागातल्या तांड्यांवर, लहान वाड्यांवर ही संख्या आणखी कमी असते. तिथे विरोधी उमेदवाराला पस्तीस मते पडली असतील, तर संध्याकाळपर्यंत ती पस्तीस माणसे कोण याची यादी पारावर तयार होते. यादी बहुतेक वेळा चुकीची असते. पण ज्याचे नाव तीत आले त्याला ती चूक सिद्ध करता येत नाही, कारण त्याने कोणाला मत दिले हे दाखवण्याचा कोणताही मार्ग कायद्याने ठेवलेला नाही, आणि तो ठेवूही नये.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम ९४ सांगते की कोणत्याही मतदाराला त्याने कोणाला मत दिले हे सांगायला भाग पाडता येणार नाही. व्यक्तीच्या गुप्ततेची ही भिंत मजबूत आहे. समूहाच्या गुप्ततेला मात्र भिंतच नाही. गावाच्या वाट्याला घरकुले, पांदण रस्ता, पाण्याची टाकी, जळालेली डीपी बदलून मिळणे, सिंचन विहिरींची मंजुरी या सगळ्या गोष्टी अर्जाइतक्याच ओळखीवर येतात, हे कोणत्याही ग्रामपंचायत सदस्याला विचारावे. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. ते कोणत्या गावात खर्चायचे हे ठरवताना समोर केंद्रनिहाय आकडे असणे हा मोह आहे. हा मोह किती उघड असू शकतो हे एप्रिल २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात दिसले. तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी प्रचारसभेत सांगितले की मतांच्या टक्क्यांप्रमाणे गावांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी केली जाते आणि कामे त्या क्रमाने होतात. निवडणूक आयोगाने त्यांना तंबी दिली. त्यांनी जे उघडपणे बोलून दाखवले ते सगळ्याच पक्षांत न बोलता चालते. सभेतल्या वक्तव्याला तंबी देता येते, पण ज्या कागदावर ही वर्गवारी उभी राहते तो कागद आयोगच प्रसिद्ध करतो.

याहून खोल इजा गावाच्या आत होते. गाव मायनस जाऊ नये म्हणून गावच मतदारांवर पाळत ठेवू लागते. बैठक होते, एकमुखी ठराव होतो, देवळात नारळ ठेवला जातो. वेगळे मत असलेल्या घराला, विशेषतः गावात संख्येने लहान असलेल्या समाजाला, मग दोनच वाटा उरतात: गप्प राहणे किंवा संशय अंगावर घेणे. अशा ठिकाणी मतदान गुप्त आहे असे म्हणणे कायद्याच्या अर्थाने खरे, पण अनुभवाच्या अर्थाने अर्धेच खरे आहे.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: मोजण्याआधी मते मिसळणे. ब्रिटनमध्ये वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपेट्यांतील मतपत्रिका एकमेकींत मिसळल्याशिवाय उमेदवारनिहाय मोजणी सुरूच करता येत नाही. आधी प्रत्येक पेटीतील एकूण मतपत्रिकांची संख्या पडताळली जाते, मग सरमिसळ, मग मोजणी. भारतातही मतपत्रिकांच्या काळात निवडणूक नियमांत ५९-अ या नियमाने मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आली आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ जागांवर वापरली गेली, तेव्हा ती सोय हातची गेली, कारण एक यंत्र म्हणजे एक केंद्र. काळाच्या ओघात हरवलेली गुप्तता परत आणण्यासाठी ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण तयार झाले. चौदापर्यंत कंट्रोल युनिट त्याला एकत्र जोडता येतात आणि ते फक्त त्या सर्वांची एकत्र बेरीज दाखवते. निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २००८ मध्ये कायदा मंत्रालयाकडे याची शिफारस केली. न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात तिला दुजोरा दिला. केंद्र सरकारने मात्र विरोध केला. केंद्रनिहाय आकड्यांमुळे पक्षांना आपण कोठे कमी पडलो हे कळते आणि त्या भागाकडे लक्ष देता येते, अशी भूमिका मांडली गेली.

ही भूमिका टिकणारी नाही. कोणत्या वस्तीला पाणी कमी आहे हे टँकरच्या फेऱ्या सांगतात, कोठे शाळा नाही हे शिक्षण विभाग सांगतो. त्यासाठी मतांचा कागद लागत नाही. मतांचा कागद फक्त एकच गोष्ट सांगतो: कोण आपले आणि कोण परके. विकासासाठी परक्यांकडे आधी धावत गेलेला पक्ष कोणाच्या पाहण्यात असेल तर तो अपवाद समजावा.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो मारकडवाडीनेच पुढे आणला. केंद्रनिहाय आकडा नसता तर गावाला शंका तरी कशाच्या आधारावर घेता आली असती? लपवलेल्या आकड्यांआड फसवणूकही लपू शकते. ज्या दिवशी परभणीत मतदान चालू होते, त्याच २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच्या सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करता येईल असे ठरवले. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्यांची पडताळणी आधीपासून होतेच. हे सगळे तपास केंद्राच्या आकड्यावर उभे आहेत. टोटलायझर आणला आणि हा पाया काढून घेतला, तर शेजाऱ्यावरचा संशय कमी होईल पण यंत्रावरचा वाढेल. हा सौदा फायद्याचा नाही.

पण गुप्तता आणि पडताळणी यांतून एकाचीच निवड करावी लागते, हे गृहीतक चुकीचे आहे. केंद्रावर एकूण किती मते पडली, हा १७ सी मधला आकडा उघडच राहावा. त्याने कोणाचे मत कळत नाही आणि मते वाढवली-घटवली तर ते लगेच उघडे पडते. उमेदवारनिहाय आकडा चौदा केंद्रांच्या गटाचा जाहीर व्हावा. व्हीव्हीपॅटची पडताळणी सुट्या केंद्राऐवजी चिठ्ठीने निवडलेल्या अख्ख्या गटाची व्हावी. त्यासाठी दहा-अकरा हजार चिठ्ठ्या हाताने मोजाव्या लागतील, आणि ज्या देशाने कित्येक दशके कोट्यवधी मतपत्रिका हाताने मोजल्या त्याला हे जड नाही. केंद्राचा उमेदवारनिहाय आकडा यंत्रात असतोच. निवडणूक याचिकेसाठी ४५ दिवसांची मुदत आहे. तेवढ्या काळात न्यायालयाच्या आदेशाने, कारण दाखवून, तो उघडता यावा. मारकडवाडीसारख्या गावाला तेव्हा रस्त्यावर कापडी मंडप टाकून स्वतःचे मतदान घ्यावे लागणार नाही. त्याला दाद मागायची जागा असेल. चौदा केंद्रांचा गट पाडताना तांडे, मोहल्ले आणि मोठी गावे मिसळली जातील याची काळजी मात्र घ्यावी लागेल, नाहीतर गटच पुन्हा एका समाजाचा होईल.

या बदलाने काय होणार नाही, हेही नीट पाहायला हवे. आरक्षणाचा तिढा सुटणार नाही. आडनावावरून मत ओळखण्याची सवय जाणार नाही. स्टेटसवरचे टोमणे थांबणार नाहीत, आणि मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्याची नजर टळणार नाही. बदल होईल तो पुराव्यात. संशय राहील पण त्याला छापील आकड्याचा आधार मिळणार नाही, आणि आधार नसलेला संशय फार काळ तग धरत नाही. शेतीच्या कामात तर तो धरूच शकत नाही. ४ जूनच्या निकालानंतर चारच दिवसांत मृग निघाला. पेरणीला ट्रॅक्टर एकाचा, तिफण दुसऱ्याची, बियाणे उधार देणारा दुकानदार तिसऱ्याच समाजाचा. जिथे सावड करून कामे होतात तिथे मतावरून अबोला धरणे म्हणजे वाफसा हातचा घालवणे. मराठवाड्यातली बहुतेक गावे जून २०२४ मध्ये कडेलोटापर्यंत जाऊन परत फिरली, त्यात नेत्यांच्या आवाहनांइतकाच पावसाचाही हात होता.

एका ठिकाणी मात्र मिसळून मोजण्याचा उपाय पोचतच नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत प्रभागच एका केंद्राएवढा असतो, कधी त्याहून लहान. तिथे मिसळायला दुसरे केंद्र नसते, आणि प्रभागाचा निकाल सांगितल्याशिवाय सदस्य कोण हेच ठरत नाही. पण तिथे उमेदवार ओळखीचा, वाद विहिरीचा किंवा रस्त्याचा, आणि पाच वर्षांनी तीच माणसे पुन्हा समोरासमोर येणार असल्याने भांडण मिटवण्याची गरज दोन्ही बाजूंना सारखीच. लोकसभेच्या निवडणुकीत भांडणाचे कारण दिल्लीतले असते. ते गावात मिटवता येत नाही, म्हणून ते गावाच्या नावावर मांडलेही जाऊ नये. २००८ ची शिफारस अजून अमलात आलेली नाही, आणि परभणीचे केंद्रनिहाय आकडे, आधीच्या प्रत्येक निवडणुकीसारखेच, ज्याला हवे त्याला पाहता येतात.